गोळी सोसली नाही म्हणून थायरॉईडचे उपाय संपत नाहीत

कार्बिमॅझोल म्हणजे थायरॉईड ग्रंथी जास्त काम करत असेल तर देतात ती गोळी. 'कार्बिमॅझोल सोसली नाही, आता इलाज नाही,' असं बेळगाव, खानापूर, निपाणीकडे अजून ऐकू येतं. ते खरं नाही. गोळीवर ताप, घसादुखी आली तर ती त्याच दिवशी थांबवून पांढऱ्या पेशी तपासा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) एका मायक्रोलिटर रक्तात ५००च्या खाली गेले असतील तर प्रोपिलथायोयुरॅसिल ही त्याच प्रकारची दुसरी गोळीही देत नाहीत, पेशी घटण्याचा धोका तोच. मग कायमचे मार्ग दोन: रेडिओआयोडीन (ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सारी आयोडीन) किंवा ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन. ऑपरेशनआधी डॉक्टर साधारण १० दिवस लुगॉल्स आयोडीन या आयोडीनच्या द्रावणाचे ५ ते ७ थेंब पाण्यातून दिवसातून तीनदा देतात, छातीच्या धडधडीला प्रोप्रॅनोलॉल ही गोळी (दमा असल्यास नको), गरज पडल्यास स्टेरॉईड. पण घाईने लुगॉल्स आधीच सुरू केलं, तर ग्रंथी आयोडीनने भरते आणि रेडिओआयोडीन कित्येक आठवडे नीट शोषलंच जात नाही. म्हणून मार्ग आधी ठरवून घ्या. गरोदरपणात रेडिओआयोडीन अजिबात नको.