लहान बोअर, हरीण आणि ‘दमदम’चा घोळ

कोल्हापुरात ‘पॉइंट टू टू’, म्हणजे .२२ इंच बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) रायफल, म्हटलं की डोळ्यांसमोर दुधाळीची रेंज येते. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या नेमबाजाने २०२४ साली पॅरिसला ५० मीटरवर कांस्यपदक घेतलं, तेही याच बोअरवर. त्यामुळे परदेशात लहान बोअरच्या रायफलने हरणाची शिकार करतात असं ऐकलं, की इथला माणूस आधी दचकतो. ती ‘टू टू’ वेगळी. गोळीची जाडी जवळपास तीच, साडेपाच मिलिमीटरच्या आसपास. पण रेंजवरची गोळी ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं इंग्रजी माप) आणि सेकंदाला हजार-अकराशे फूट जाणारी, तर ही ५५ ग्रेनची आणि तीन हजारांच्या वर. दोघींच्या जोरात दहापटीहून जास्त फरक पडतो. वाद आहे तो या दुसरीवर, ती हरणाला पुरते का यावर, आणि तो बोअरचा आहे असं वरवर दिसलं तरी खरा वाद गोळीच्या घडणीचा आहे.

आपल्याकडे हा प्रश्न व्यवहारात उरलेला नाही. १९७२ च्या कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची वाटही बंद केली. ते योग्यच झालं. कोल्हापूर संस्थानात काळविटाची शिकार गाजली ती शिकारीसाठी पाळलेल्या चित्त्यांमुळे, गोळीमुळे नव्हे. (काळवीट शास्त्राप्रमाणे हरीण नव्हे, त्याची शिंगं गळत नाहीत; बोलीत आपण दोघांनाही हरीणच म्हणतो.) दाजीपूरचं शिकारीचं राखीव रान १९५८ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथला सांबर आणि भेकर गोळीपासून कायद्याने तरी सुरक्षित आहे.

पण या गोष्टीचा एक धागा हिंदुस्थानातूनच निघतो. कलकत्त्याजवळच्या दमदमला लष्कराचा दारूगोळ्याचा कारखाना होता. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत .३०३ रायफलची पूर्ण वेष्टणाची (शिशावर टोकापर्यंत धातूचं आवरण असलेली) गोळी माणसाच्या आरपार जाते, पण त्याला थांबवत नाही, अशी ओरड झाली. म्हणून दमदमला गोळीच्या टोकावरचं वेष्टण जरासं, जेमतेम मिलिमीटरभर, काढून शिसं उघडं ठेवलं गेलं. अंगात शिरताच ते टोक पसरायचं. हीच दमदम गोळी.

युरोपात यावर गदारोळ उठला. एका जर्मन शल्यवैद्याने ट्यूबिंगेनमध्ये प्रयोग करून भयानक जखमा दाखवल्या. १८९९ च्या हेग परिषदेत असल्या पसरणाऱ्या गोळ्यांवर युद्धापुरती बंदी आली. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात होते. ब्रिटनने ती मान्य केली १९०७ मध्ये. इथे घोळ असा, की त्या प्रयोगांत दमदमची गोळी वापरलीच नव्हती. वापरली होती ती शिकारीची मॉझर गोळी, आणि तिचं शिसं दमदमपेक्षा कितीतरी जास्त उघडं होतं. एका ब्रिटिश शल्यवैद्याने हे तेव्हाच दाखवून दिलं, पण नाव चिकटायचं ते चिकटलं. आजही मराठीत कुठल्याही पसरणाऱ्या गोळीला ‘दमदम’ म्हणतात आणि म्हणताना ती क्रूर आहे असं गृहीत धरतात.

शिकारीत न्याय नेमका उलटा आहे. पूर्ण वेष्टणाची गोळी हरणाच्या फुप्फुसातून सुईसारखी निघून जाते. जनावर उभंच राहतं, मग झाडीत शिरतं, रक्ताचा माग दोन थेंबांवर तुटतो आणि ते कुठेतरी तासन् तास तडफडून मरतं. म्हणूनच इंग्लंडच्या १९६३ च्या कायद्याने हरणासाठी मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी सक्तीची केली. युद्धात जी गोळी निषिद्ध, तीच रानात बंधनकारक. मला यात विसंगती दिसत नाही. हेगमध्ये प्रश्न जखमी सैनिक वाचवण्याचा होता. इथे प्रश्न जखमी जनावर मागे न सोडण्याचा आहे.

त्याच कायद्याने दुसरी अटही घातली: बोअर .२४० इंचांहून कमी नको आणि नळीच्या तोंडाशी जोर १७०० फूट-पौंडांहून (जोराचं इंग्रजी माप) कमी नको. लहान बोअर एका फटक्यात बाद. कारण उघड होतं. १९३५ ची .२२० स्विफ्ट ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला चार हजार फुटांनी फेकायची, १९५० मध्ये .२२२ आली (आणि कायद्यानंतर, १९६४ मध्ये, .२२३), पण त्यांच्या बहुतेक गोळ्या कोल्ह्या-घुशींसारख्या लहान जनावरांसाठी केलेल्या. वेष्टण कागदासारखं पातळ. हरणाच्या खांद्यावर ती बसली की वरच्यावर फुटून चुरा होते. कातडीवर तळहाताएवढी जखम, आत काहीच नाही. दोष गोळीचा होता, शिक्षा बोअरला झाली. स्कॉटलंडने १९८५ मध्ये जास्त समजूतदार वाट काढली: लहान रो हरणाला किमान ५० ग्रेनची पसरणारी गोळी, २४५० फूट वेग, १००० फूट-पौंड जोर. इंग्लंडने २००७ मध्ये आपल्या भेकराच्या जातकुळीतल्या मुंटजॅक आणि चिनी पाणहरीण या दोन लहान हरणांपुरती अशीच सूट दिली.

मधल्या काळात गोळीच बदलली होती. १९४० च्या दशकाअखेर अमेरिकेत मधे पडदा असलेली गोळी निघाली. उभी कापलेली गोळी पाहिली की युक्ती लगेच कळते: तांब्याच्या एकाच तुकड्यात वर एक कप्पा, खाली एक, दोन्हींत शिसं आणि मधे आडवी भिंत. वरचं शिसं पसरतं, भिंत खालचं धरून ठेवते, गोळी आत जात राहते. पुढे हीच सोय साडेपाच मिलिमीटरच्या ६० ग्रेनच्या गोळीतही आली, शिवाय वेष्टणाला शिसं डकवलेल्या गोळ्या आल्या. लहान बोअरने हरीण मारता येतं असं आज जे म्हणतात, ते या गोळ्यांच्या भरवशावर.

१९८० च्या दशकात पूर्ण तांब्याची गोळी आली. तिच्यामागचं कारण आता शिशाचं विष. जनावराच्या टाकलेल्या आतड्यांतले शिशाचे कण खाऊन कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडं मरू लागली, आणि २०१९ पासून तिथे शिकारीत शिसं पूर्ण बंद झालं. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी जास्त लांब होते. म्हणूनच स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणांसाठीची १०० ग्रेनची अट ८० वर आणली.

लांब गोळीला नळीतला पीळही, म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा पीळ, घट्ट लागतो. जुन्या .२२२ च्या नळीत १४ इंचांत एक फेरा. ५५ ग्रेनच्या शिशाच्या गोळीला तो पुरतो. तीच नळी घेऊन कुणी नवी लांब तांब्याची गोळी सोडली, तर ती हवेतच भेलकांडते आणि कागदावर गोल भोकाऐवजी आडवी, लांबट फाट पडते. अशी आडवी गेलेली गोळी हरणाच्या अंगात कुठे वळेल, याचा नेम नसतो.