आजी हंगेरियन, तरी रिपोर्टमध्ये हंगेरी का नाही?

आम्ही न्यू जर्सीत न्यू ब्रन्सविकला राहतो. हे गाव एकेकाळी हंगेरियन लोकांचं म्हणून ओळखलं जायचं, आता आजूबाजूला आपली मराठी-गुजराती मंडळी भरपूर झालीयेत. आमच्या शेजारच्या बाईंची आजी, म्हणजे वडिलांची आई, 1912 साली सात वर्षांची असताना आईचा हात धरून बोटीने इथे आली. बाईंना आता पासष्टी उलटल्यावर आजीचं मूळ शोधायचं वेड लागलंय, त्यासाठी त्यांनी नळीत थुंकून डीएनए टेस्ट केली आणि रिपोर्ट घेऊन रडकुंडीला येऊन आमच्याकडे आल्या. आजी हंगेरियन तर मी 25 टक्के हंगेरियन असायला हवी ना, मग इथे पूर्व युरोप, थोडं बाल्कन, थोडं जर्मन असं का लिहिलंय, आजी खोटं बोलली का?

आजी अजिबात खोटं बोलली नाही. हा गैरसमज आपल्याकडेही सर्रास दिसतो म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी ते 25 टक्के बघू. आपल्या पेशीत क्रोमोसोमच्या (म्हणजे डीएनएच्या लांब धाग्यांच्या) 23 जोड्या असतात, प्रत्येक जोडीतला एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला, हे शाळेत झालंय. आता बाईंच्या वडिलांचा विचार करा. त्यांच्या प्रत्येक जोडीत एक प्रत त्यांच्या आईची (म्हणजे आपल्या हंगेरियन आजीची) आणि एक त्यांच्या वडिलांची. शुक्रपेशी तयार होताना यातली कुठलीच प्रत जशीच्या तशी पुढे जाईल असं नसतं. दोन्ही प्रती एकमेकींना चिकटून शेजारी शेजारी येतात, एखाद-दुसऱ्या ठिकाणी तुटतात आणि सांधताना अदलाबदल होते, इकडचं शेपूट तिकडे आणि तिकडचं इकडे. मग त्या नव्या प्रतीत सुरुवातीचा भाग आजीचा, पुढचा आजोबांचा. मला जीवशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, कारण प्रत्येक मूल जन्माला यायच्या आधी आजी-आजोबांची नव्याने वाटणी होते आणि ती दरवेळी वेगळी होते. म्हणून तर सख्ख्या बहिणीसुद्धा इतक्या वेगळ्या निघतात.

आता गंमत अशी की हे तुकडे फार कमी असतात. पुरुषात 22 जोड्या मिळून सरासरी 26-27 ठिकाणी अदलाबदल होते, स्त्रीच्या बीजपेशीत चाळीसच्या वर. तुकडे कमी आणि मोठे असले की वाटणी असमान व्हायची शक्यता वाढते, दहा मोठ्या नोटा दोघांत वाटणं आणि शंभर सुट्टे वाटणं यात जो फरक तोच. म्हणजे वडिलांकडून मिळालेला अर्धा वाटा आजी-आजोबांत 25-25 असा वाटला जाईलच असं नाही, आजीचे 20 आणि आजोबांचे 30 असं सहज होऊ शकतं. आणि वडिलांच्या बाजूला हा चढउतार आईच्या बाजूपेक्षा जास्त, कारण पुरुषात तुकडेच कमी.

हेच गणित मागे मागे नेलं तर अजून मजा येते. पूर्वज दर पिढीला दुप्पट होतात, पण तुकडे दर पिढीला साधारण 66 नीच वाढतात, म्हणजे दहा पिढ्या मागे 1024 पूर्वज आणि तुकडे जेमतेम 640. तुकड्यांपेक्षा पूर्वज जास्त! साहजिकच त्यातल्या बऱ्याच जणांचा एकही तुकडा आपल्यात नसतो, वंशावळीत नाव आहे पण डीएनएत शून्य. त्यामुळे तिकडे कुणी आम्ही हूणांचा राजा अटिला याचे वंशज म्हणतं, आपल्याकडे कुणी हजार वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषाचं शुद्ध रक्त आमच्यात म्हणतं, त्याला फारसा अर्थ उरत नाही. थेट बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम सोडला तर त्या पुरुषाचं आपल्यात काही असेलच याची खात्री नाही, आणि मुलींना तर वायही मिळत नाही. रक्ताच्या शुद्धतेवरून लग्नं मोडणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून बघावं.

बरं, समजा वीसेक टक्के तर आजीचे आहेत, मग त्यावर हंगेरी का नाही लिहिलं? कारण डीएनएच्या तुकड्यावर देशाचा शिक्का नसतो. कंपनी तो तुकडा आज वेगवेगळ्या देशांत राहणाऱ्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून बघते आणि अंदाज सांगते. हंगेरियन भाषा शेजाऱ्यांपेक्षा पार वेगळी, तिचे जवळचे नातेवाईक म्हणजे पश्चिम सायबेरियातल्या खांती आणि मान्सी भाषा. ती बोलणारे मग्यार लोक 895 च्या सुमाराला कार्पेथियन खोऱ्यात, म्हणजे आजच्या हंगेरीच्या परिसरात आले, त्या काळातल्या थडग्यांमधल्या हाडांच्या डीएनएत आशियाई वाटा दिसतोही. पण तिथे आधीपासून राहणारे लोक संख्येने खूप जास्त होते, भाषा नव्यांची टिकली आणि जीन मुख्यतः जुन्यांचे राहिले. आजचे हंगेरियन जनुकीयदृष्ट्या शेजारच्या स्लोव्हाक, क्रोएशियन, ऑस्ट्रियन लोकांसारखेच दिसतात. भाषा रक्तातून येत नाही, आईच्या तोंडून येते.

मग टेस्ट वाया गेली का? नाही, टक्के सोडा आणि जुळणाऱ्या माणसांची यादी बघा. आजीच्या सख्ख्या भावंडाच्या नातवंडाने टेस्ट केली असेल तर त्याचा बाईंशी सरासरी 3 टक्के डीएनए जुळतो, आणि इतक्या जवळचं नातं टेस्टमधून सहसा सुटत नाही. शिवाय बाईंकडे एक खास ठेवा आहे. वडिलांकडे एकच एक्स क्रोमोसोम, तो पूर्ण त्यांच्या आईचा, आणि पुरुषात त्याला अदलाबदलीला जोडीदार नसल्यामुळे (टोकाचा छोटा भाग सोडून) तो मुलीला जवळपास अखंड मिळतो. डीएनएची 15 कोटींच्या वर अक्षरं, जवळपास सगळी आजीची. बाईंच्या भावाला यातलं काही नाही.

मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचा) वेगळा छोटा डीएनए मात्र बाईंना आजीकडून मिळालेला नाही. ती 16,569 अक्षरं फक्त आईकडून येतात, त्यामुळे बाईंची त्यांच्या आईकडची. वडील गेले, पण आत्या आहेत, नव्वदीच्या. आत्यांकडे आजीचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तर आहेच, शिवाय बाकीच्या डीएनएचाही बरोबर अर्धा वाटा आजीचा, बाईंच्या जवळपास दुप्पट. घरात म्हातारं माणूस असेल तर टेस्ट आधी त्यांची करा, हे मी सगळ्यांना सांगते.

आणि कागद विसरू नका. आजीच्या जुन्या फोटोमागे तिच्या आईचं नाव होतं, पण त्यात त्या आईच्या स्वतःच्या नावाचा पत्ताच नाही. हंगेरियनमध्ये आपल्यासारखं नाही, आडनाव आधी येतं, आणि लग्न झालेली बाई नवऱ्याच्या नावाला 'ने' लावून ओळखली जायची, समजा नवरा कोवाच यानोश (कोवाच म्हणजे लोहार) तर बायको कोवाच यानोशने. तिचं स्वतःचं नाव गायब! सुदैवाने सरकारी जन्मनोंदी 1 ऑक्टोबर 1895 पासून सुरू झाल्या आणि त्यात आईचं माहेरचं नाव लिहितात. आजीचा जन्म 1905 चा, म्हणजे नोंद असायलाच हवी. अडचण गावाची. आजी कॉशॉ शहराजवळची, ते पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचे तुकडे करणाऱ्या 1920 च्या ट्रायनॉन तहानंतर चेकोस्लोव्हाकियात गेलं, 1938 ला परत हंगेरीत, आता स्लोव्हाकियातलं कोशित्से. शोधायचं बुडापेस्टला नाही, स्लोव्हाकियात.

आडनाव एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्क बंदरातल्या, बोटीने येणाऱ्यांच्या तपासणी नाक्याच्या) अधिकाऱ्यांनी बदललं अशीही एक कथा बाईंच्या घरात आहे. तसं होत नसे, अधिकारी बोटीवर आधीच तयार झालेली यादी बघून तपासणी करायचे. स्पेलिंग बदललं ते बहुतेक नंतर, इथल्या शाळेत किंवा कारखान्यात.

बोटीच्या यादीत आजीच्या आईसमोर मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाच्या रकान्यात एका गावाचं नाव सापडलंय, अक्षर फार वाईट आहे, पहिली तीन अक्षरं लागलीयेत. त्यावरून कोशित्सेच्या आसपासची चार गावं निवडून बाई आता एकेका गावाच्या जन्मनोंदी चाळतायत, आणि आत्यांची नळी सोमवारी पोस्टात टाकली.