एक मिलिमीटरने वाढलेली गाडी

माझ्यासमोर टेबलावर खेळण्यातल्या दोन जुन्या गाड्या ठेवल्या आहेत. दोन्ही दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या, एकाच साच्यातून निघालेल्या. एक मित्राने मोजमापासाठी दिलेली, दुसरी मी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली. व्हर्नियर लावला की मित्राची गाडी ९४.१ मिलिमीटर भरते आणि माझी ९५.१. साचा पोलादाचा आणि एकच, मग हा एक मिलिमीटर आला कुठून?

आधी वाटलं, मोजण्यात चूक झाली. तीनदा मोजलं, आकडा तोच. रंगाचा थर जाड असेल म्हणावं, तर असा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. शेवटी भिंग घेतलं, आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा बारीक भेगा दिसल्या. टपही किंचित कमानदार झाला होता. पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला नख लागलं आणि तो कोपरा खारी बिस्किटासारखा भुगा होऊन टेबलावर पडला. धातूचा असा भुगा होताना मी पहिल्यांदाच पाहिला आणि पोटात कालवलं.

असं का झालं हे समजायचं तर आधी या गाड्या कशाच्या आणि कशा बनतात ते बघायला हवं. सुरुवात वजनापासून करू.

डाय-कास्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून बनवलेली गाडी हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतं ते तिचं वजन, आणि लगेच तिचा थंडपणा. मुलांना प्लास्टिकच्या गाडीपेक्षा ही गाडी ‘खरी’ वाटते ती यामुळेच. गंमत अशी, की वजनाच्या बाबतीत ती अजिबात खरी नसते. १:६४ हे संग्राहकांमधलं एक फार लोकप्रिय प्रमाण. आपली अ‍ॅम्बेसेडर सुमारे ४.३ मीटर लांब, म्हणजे या प्रमाणात ती ६.७ सेंटिमीटरची होईल. पण लांबी ६४ पट कमी होते तेव्हा रुंदी आणि उंचीही तितकीच कमी होते, त्यामुळे आकारमान ६४ गुणिले ६४ गुणिले ६४, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार पट कमी होतं. अ‍ॅम्बेसेडरचं वजन ढोबळमानाने ११०० किलो धरलं आणि त्याला या आकड्याने भागलं, तर उरतात जेमतेम ४ ग्रॅम. चहात घालतो त्या चमचाभर साखरेएवढं वजन. प्रत्यक्षात एवढी गाडी काट्यावर ठेवली तर ३५-४० ग्रॅम सहज भरते.

नऊ पट जास्त वजन कशाचं? जाडीचं. खरी गाडी म्हणजे पातळ पत्र्याची पोकळ पेटी. तिचा पाऊण-एक मिलिमीटरचा पत्रा ६४ पट पातळ केला तर पोळ्या गुंडाळायच्या फॉइलएवढा होईल आणि मूल दोन बोटांनी तो चुरगाळून टाकेल. म्हणून खेळण्याची भिंत मिलिमीटरभर किंवा थोडी जास्त जाड ठेवावी लागते. हेच उलट मोठं करून पाहा. खऱ्या गाडीला अडीच इंचांहून जाड पत्रा बसवावा लागेल, रणगाड्याला शोभेल असा.

या जाडीचं दुसरं कारण कारखान्यात सापडतं. भोसरी-चाकणकडच्या एखाद्या प्रेशर डाय कास्टिंगच्या शेडमध्ये जे काम चालतं, त्याच तत्त्वावर या गाड्या निघतात. पोलादाच्या साच्याचे दोन भाग घट्ट मिटतात. पिस्टन वितळलेला धातू प्रचंड दाबाने आत ढकलतो. पोकळी सेकंदाच्या काही शतांश भागात भरते, धातू लगेच थिजतो, साचा उघडतो आणि पिना गाडीला बाहेर लोटतात. भिंत फारच पातळ ठेवली तर धातू कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आतच थिजेल.

या सगळ्याच्या खुणा गाडीवर राहतात. तुमच्या घरी एखादी असेल तर उलटी करून बघा. पोटाच्या आतल्या बाजूला छोटी गोल वर्तुळं दिसतील, ती ढकलणाऱ्या पिनांची. कडेने एक केसासारखी रेघ फिरलेली असेल, तिथे साच्याचे दोन भाग एकमेकांना भेटले होते. त्या फटीतून धातूचा पातळ पापुद्रा बाहेर येतो, त्याला ‘फ्लॅश’ म्हणतात. साचा झिजत जातो तशी ही रेघ ठळक होते आणि दाराच्या मुठी, जाळीच्या पट्ट्या बोथट होत जातात. दोन ‘सारख्या’ गाड्यांमधली आधीची कोणती आणि नंतरची कोणती, हे जाणकार ज्या खुणांवरून ताडतात त्यांत या दोन प्रमुख आहेत.

इथे एक भारतीय प्रकरण सांगायलाच हवं. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीचे डिंकी टॉइजचे काही जुने साचे १९६०च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याला आले आणि त्यांतून ‘निकी टॉइज’ नावाच्या गाड्या निघू लागल्या. साचा तोच, पण धातू, रंग आणि ओतणारे हात वेगळे. एकाच साच्याची इंग्लंडमधली आणि बंगालमधली गाडी शेजारी ठेवून पाहायला मिळणं ही संग्राहकाला मोठी पर्वणी वाटते. मला तर त्यात हॉट व्हील्सच्या कुठल्याही दुर्मीळ रंगापेक्षा जास्त वाचायला मिळतं.

आता धातूकडे वळू. ही गाडी पोलादाची नसते, अ‍ॅल्युमिनियमची क्वचितच. ती असते जस्ताची, आजीच्या घरच्या बादलीवर ज्याचा मुलामा असायचा त्या जस्ताची. शुद्ध जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम मिसळलं की वितळायला ३८५ अंशांच्या आसपासचं तापमान पुरतं आणि मिश्रण जास्त प्रवाही होतं. अ‍ॅल्युमिनियमचा दुसरा फायदा असा, की नुसतं वितळलेलं जस्त पोलादी भांड्याला आणि पिस्टनला खात सुटतं, आणि अ‍ॅल्युमिनियम त्याला आवर घालतं. कमी उष्णतेमुळे साचाही टिकतो आणि एकाच साच्यातून लाखो गाड्या काढता येतात. मॅचबॉक्स बनवणाऱ्या लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या रथाची छोटी प्रतिकृती दहा लाखांहून जास्त संख्येने विकली, ती याच तंत्राच्या जोरावर.

या मिश्रधातूचं नाव झामाक. जर्मनमध्ये जस्त, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं यांना जी नावं आहेत, त्यांच्या आद्याक्षरांवरून ते पडलं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये तो बाजारात आणला. आणि या मिश्रणाची एक फार कडक अट आहे. त्यात शिसं जवळपास नसावंच. मर्यादा आहे ०.००५ टक्के. म्हणजे १०० किलो धातूच्या भांड्यात फक्त ५ ग्रॅम शिसं चालतं. मासे पकडायच्या गळाला लावलेलं शिशाचं एखादं वजन चुकून पडलं तरी अख्खं भांडं बिघडावं, इतकी ही मर्यादा बारीक आहे. कॅडमियम आणि कथील यांच्या मर्यादा तर याहूनही कडक आहेत.

माझी जुन्या बाजारातली गाडी या अटीत नापास झालेली आहे. १९३०च्या दशकात बऱ्याच खेळण्यांच्या कारखान्यांत एकाच छपराखाली शिशाच्या वस्तूही ओतल्या जात. उरलेला भंगार तुकडा चुकून जस्ताच्या भांड्यात गेला की त्या दिवशीच्या सगळ्या गाड्यांत शिसं उतरे. गाडी त्या दिवशी उत्तमच दिसे. रंग लागे, खोक्यात जाई, दुकानात मांडली जाई. बिघाड वर यायला वर्षं लागत, कधी कधी दशकं.

आत घडतं ते असं. धातू थिजताना त्यात असंख्य बारीक स्फटिक वाढतात. घन जस्तात शिसं विरघळत नाही, त्यामुळे वाढणारे स्फटिक त्याला बाहेर ढकलत जातात आणि शेवटी ते स्फटिकांच्या मधल्या सांध्यांत जाऊन बसतं. एरवी जस्तावर चढणारा गंज वरच्यावर राहतो आणि खालच्या धातूचं रक्षणच करतो. इथे मात्र हवेतला ओलावा सांध्यासांध्यांतून आत उतरतो आणि गंज आतल्या आत पसरतो. गंजाला मूळ धातूपेक्षा जास्त जागा लागते. जस्ताचं ऑक्साइड झालं की आकारमान साधारण दीडपट होतं. जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळाचं मूळ शिरावं आणि दगड हळूहळू सरकावेत, तसा तो स्फटिकांना एकमेकांपासून रेटत जातो. गाडी लांब होते, वाकते, तडकते, आणि शेवटी सांधेच न उरल्याने भुगा होते. माझ्या गाडीतला तो जादाचा मिलिमीटर म्हणजे हजारो सांध्यांमधल्या गंजाची बेरीज आहे.

संग्राहक याला ‘झिंक पेस्ट’ म्हणतात. जर्मनमध्ये ‘पेस्ट’ म्हणजे प्लेग. या नावामुळे अनेकजण रोगट गाडी इतरांपासून लांब ठेवतात, लागण होईल म्हणून. ही भीती मनातून काढून टाका. हा रोग ओततानाच गाडीत आलेला असतो, शेजारच्या निरोगी गाडीला तो लागत नाही. मिश्रणात मुद्दाम घातलेलं ०.०४ टक्क्यांच्या आसपासचं मॅग्नेशियम त्याला थोडा अटकाव करतं, पण शिसं मर्यादेबाहेर गेलं तर त्याचाही इलाज चालत नाही.

म्हणून खरा उपाय जस्त शुद्ध करण्यातच आहे, आणि तो जस्ताच्या एका गुणावर उभा आहे. जस्त ९०७ अंशांना उकळतं, शिसं मात्र १७०० अंशांच्याही वर. म्हणजे ऊर्ध्वपातनाने दोघांना वेगळं करता येतं. जस्ताची वाफ करून ती थंड करण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. राजस्थानात उदयपूरजवळ झावर इथे मध्ययुगात वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत उलट्या बसवत, एकेका भट्टीत ३६, आणि जस्ताची वाफ खालच्या बाजूला उतरवून थंड करत. विसाव्या शतकात ऊर्ध्वपातनाचे उंच मनोरे आले, ९९.९९ टक्के शुद्ध जस्त मुबलक मिळू लागलं, आणि मगच झामाकवर विसंबता येऊ लागलं. युद्धानंतरच्या गाड्यांमध्ये हा रोग बराच कमी झाला. पूर्ण गेला मात्र नाही. कुठे हलकं भंगार भांड्यात पडलं की तो पुन्हा डोकं वर काढतो, अगदी या शतकातल्या महागड्या मॉडेलांमध्येसुद्धा.

ओलावा आणि उष्णता या दोन्हींमुळे त्याचा वेग वाढतो. म्हणूनच मिश्रधातूचे नमुने तपासताना ते सुमारे ९५ अंशांच्या वाफेत दहा दिवस ठेवतात. वर्षानुवर्षांत जे घडायचं ते तिथे आठवड्या-दीड आठवड्यात दिसतं. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याची गाडी दर पावसाळ्यात याच चाचणीची सौम्य आवृत्ती सोसत असते. गाड्या माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या वेळोवेळी बदला. लाकडी कपाटातही जपून, कारण काही लाकडांतून आम्लाची वाफ सुटते आणि जस्तावर पांढरी पूड धरते. हे दुखणं वेगळं, पण नुकसान तेवढंच. आणि भेगा पडलेल्या गाडीला वरून रंग किंवा गोंद लावून काही उपयोग नाही, आतले सांधे त्याने जोडले जात नाहीत.

जुनी गाडी विकत घेताना मी आता चार गोष्टी आधी बघतो. तळ टेबलावर सपाट टेकतो का, चारही चाकं जमिनीला लागतात का, रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा आहेत का, आणि त्याच साच्याची दुसरी गाडी मिळाली तर दोघींची लांबी जुळते का. शेवटची तपासणी सगळ्यात खात्रीची. नुसत्या एका गाडीकडे बघून माझा मिलिमीटर मला कधीच दिसला नसता.

बंपरचा तो भुगा मी औषधाच्या रिकाम्या डबीत भरून ठेवला आहे. गाडी आता सिलिका जेल घातलेल्या काचेच्या बरणीत असते, आणि वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, बाहेर काढून मी ती मोजतो. वहीत गेल्या दिवाळीचा आकडा ९५.०४ आहे, या मे महिन्यातला ९५.०८. मित्राच्या गाडीपुढे दोन्ही वेळा ९४.१० लिहिलं आहे.