उंदरांचं औषध लागू पडतं कुणाला?

शेतात उंदरांचं औषध टाकलं की थोड्याच दिवसांत बिळं ओस पडतात. पुढच्या हंगामात मात्र उंदीर पुन्हा हजर. औषधात भेसळ होती म्हणून दोष दुकानदाराला जातो. खरी मेख जन्मदरात आहे. उंदरीण जेमतेम तीन आठवड्यांत विते आणि तिची पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः विऊ लागतात. साप वर्षातून एकदा अंडी घालतो, घुबड फार तर दोनदा. औषधाने उंदीर आणि त्यांना खाणारे हे शिकारी, दोघंही सारखेच मारले, तर आधी कोण सावरणार हे उघड आहे.

इटालियन गणितज्ञ वितो व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये हेच समीकरणांत मांडलं. निमित्त माशांचं होतं. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, तेव्हा जाळ्यात येणाऱ्या माशांत शार्कसारख्या शिकारी माशांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. शिकारी आणि भक्ष्य दोघांवर एकाच वेळी घाला पडला की सरासरीत फायदा भक्ष्याचा होतो, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. शेतात भक्ष्य म्हणजे उंदीर.

घुबडाच्या पोटात विष जातं कसं? ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम ही औषधं यकृतातलं के जीवनसत्त्वाचं चक्र अडवतात. रक्त गोठवणारी प्रथिनं तयार होईनाशी होतात आणि उंदीर आतल्या आत रक्तस्रावाने मरतो. पण लगेच नाही, काही दिवसांनी. तोवर तो सुस्तावलेला, उघड्यावर रेंगाळणारा असतो, म्हणजे सहज हाती लागणारी शिकार. तो गिळणाऱ्या घुबडाच्या यकृतात हे विष महिनोन्‌महिने साठून राहतं.

आणि घुबड म्हणजे साधासुधा शिकारी नव्हे. गव्हाणी घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो. खालून आलेला आवाज दोन्ही कानांत सारख्या जोराने पोहोचत नाही. त्या फरकावरून उंदीर किती खाली आहे हे त्याला कळतं. रॉजर पेन यांनी (पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे गाजले, तेच) मिट्ट काळोख केलेल्या खोलीत प्रयोग केले. पाचोळ्यातल्या खसफशीवरून घुबडाने उंदीर अचूक उचलला.

असा पाहुणा शेतावर टिकवायला जंगल राखावं लागत नाही. ढोली असलेलं जुनं झाड उभं ठेवावं. ते नसेल तर उंचावर खोल तळाची लाकडी पेटी टांगावी, म्हणजे पिल्लं बाहेर पडत नाहीत. पिकात पक्षीथांबे लावावेत. इस्रायलमध्ये १९८०च्या दशकात अशा पेट्या लागल्या; पुढे शेजारच्या जॉर्डनमधले शेतकरीही या कामात आले. पेटीखाली काळपट, लांबट गोळे पडू लागले की वस्ती झाली समजावी. घुबड न पचलेली हाडं आणि केस गोळा करून ओकून टाकतं. गोळा पाण्यात भिजवून सोडवला की उंदरांच्या कवट्या मोजता येतात.

घुबड आलं की उंदीर संपले, असं मात्र मी म्हणणार नाही. उंदरांचा उद्रेक झाला की चार घुबडं पुरी पडत नाहीत, आणि गवताळ बांध घुबडाला जेवढा सोयीचा, तेवढाच उंदरालाही. तेव्हा बिळं खणणं, सापळे लावणं, कापणीनंतर सांडलेलं धान्य उचलणं चुकत नाही. औषध टाकावंच लागलं, तर ते बिळाच्या आत टाकावं, आणि पुढचे आठ-दहा दिवस शिवारात फेरी मारून मेलेले उंदीर खोल पुरावेत.