वासा कोरणारा भुंगा 'तो' नसतोच

गावाकडच्या घरी पडवीत उन्हाळ्यात रोज सकाळी एका ठरलेल्या जागी भुशाची छोटी रास पडलेली दिसायची, काकू म्हणाली वाळवी लागली बघ. वर बघितलं तर वाशाला खालच्या अंगाने गिरमिटाने पाडल्यासारखं गोल भोक, बोट जाईल एवढं, आणि आतून कुर्र कुर्र आवाज. वाळवी कसली, भुंगा, मधमाशीचाच मोठा भाऊबंद! वाळवी लाकूड खाते, भुंगा खात नाही, नुसता कुरतडून बाहेर टाकतो. खरं तर 'टाकतो' पण चूकच, कारण हे सुतारकाम मादीचं. कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कमळात मात्र अडकतो ही आपली जुनी उपमा, त्यात लाकडाचं निरीक्षण अगदी पक्कं आहे, फक्त पोखरणारा 'तो' नाही, 'ती'.

मग नर काय करतो? तर आपल्या तोंडासमोर येऊन हेलिकॉप्टरसारखा हवेत थांबतो आणि आपण ओरडत पळतो. त्याला नांगीच नसते, नुसती हूल. नांगी असते मादीला, पण हातात धरलीत किंवा दाबलीत तरच चावणार, एरवी तिला तुमच्यासाठी वेळच नाही.

भोकातून थोडं आत गेलं की ती काटकोनात वळते आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने बोगदा खणत जाते. मग पराग आणि मकरंद मळून एक गोळा ठेवायचा, त्यावर एकच अंडं, मग भुसा लाळेत कालवून पडदी घालायची, की पुढची खोली. अंडी मोजकीच, पण केवढी! काही जातींत दीड सेंटिमीटरच्याही पुढे, सगळ्या कीटकांत सगळ्यात मोठ्या अंड्यांमध्ये यांचा नंबर लागतो.

आता वांग्याकडे या. वांग्याच्या फुलातला पराग पिवळ्या नळ्यांमध्ये बंद असतो, टोकाला बारीक छिद्र, मिठाच्या डबीसारखं. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो, आवाज एकदम बदलतो आणि पराग भुरभुर खाली पडतो. टोमॅटोचंही तेच. मध देणाऱ्या मधमाशीला हे जमत नाही बरं का. रुईच्या फुलांवर पण यांचीच वर्दळ, तिथे परागाच्या जोडपिशव्या पायाला अडकून पुढच्या फुलावर जातात. लबाडीही करतात म्हणा, लांब नळीच्या फुलाला बुडाशी चीर पाडून रस प्यायचा आणि परागाला हातही लावायचा नाही.

आणि भीमाशंकरच्या जंगलात तर एक जात रात्री फिरते, चंद्र नसलेल्या रात्रीसुद्धा! हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस वगैरे संशोधकांनी 2008 च्या आसपास हे दाखवून दिलं. डोळ्यांची रचना दिवसा उडणाऱ्या मधमाश्यांसारखीच, तरी अंधारात रंग ओळखते.

आमच्या काकूला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, असूदे, पण वासा माझा आहे. शेवटी वांग्याच्या वाफ्याशेजारी एक वाळका बांबू आडवा बांधून दिलाय, बघू ती शिफ्ट होते का.