भातुकलीचा तवा आणि कृत्रिम जठर

सावंतवाडीची लाकडी खेळणी विकणाऱ्या माझ्या एका मित्राला जर्मनीहून भातुकलीच्या संचांची ऑर्डर आली. त्याने आनंदाने फोन केला आणि लगेच विचारलं, "आयएसआयमधून आम्हा कारागिरांना सूट आहे, मग तिकडेही अडचण नाही ना?"

अडचण आहे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आणि नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून वगळलं, हे खरं. पण ती सूट इथल्या बाजारापुरती. युरोपात सीई चिन्ह, म्हणजे खेळणं तिथल्या सुरक्षा नियमांत बसतं याची खूण, लागतंच, खेळणं कारखान्यातलं असो की हाताने घडवलेलं. आणि हे चिन्ह कुठलं सरकारी कार्यालय देत नाही. चाचण्या करून उत्पादकाने स्वतः जबाबदारी घ्यायची, कागद दहा वर्षं जपायचे. दोन दिवसांत सीई मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नका.

काही चाचण्या पाहताक्षणी कळतात. ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं असतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा सुटा तुकडा त्यात पूर्ण मावला तर तो घशात अडकू शकतो, म्हणून खेळणं नापास. पण माझा जीव जडलाय दुसऱ्याच चाचणीवर. त्यात प्रयोगशाळा चक्क मुलाचं पोट उभं करते.

तव्याचा रंग ब्लेडने खरवडायचा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचा. प्रत्येक रंग वेगळा. त्यावर त्याच्या पन्नासपट वजनाचं पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं, जठररसाइतकं आंबट. ३७ अंशांवर, म्हणजे अंगाच्या उबेत, तासभर हलवायचं, तासभर तसंच ठेवायचं. मग गाळून, त्यात कोणते धातू किती उतरले ते मोजायचं.

खरी मेख खडूत आहे. रंगात भर म्हणून खडूची पूड घालतात. आम्ल पडताच ती फसफसते आणि आम्लाचा जोर मारते. तसंच राहू दिलं तर धातू रंगातच दडून बसेल आणि अहवाल खोटाच चांगला येईल. म्हणून मिनिटभर हलवून सामू (पीएच) तपासतात; तो जितका जास्त, तितकं आम्ल कमजोर. तो १.३ च्या वर गेला असेल, तर तीव्र आम्ल थेंब थेंब घालून १.१ ते १.३ च्या दरम्यान आणतात. आपलं जठरही आम्ल पुन्हा सोडतच असतं.

एवढा खटाटोप कशाला? कारण नुसता धातू असून भागत नाही, तो पोटात सुटा व्हावा लागतो. एक्स-रेआधी रुग्णाला बेरियम सल्फेट पाजतात; ते विरघळत नाही, गेलं तसं बाहेर पडतं. बेरियम कार्बोनेट मात्र जठरात विरघळतं, ते उंदरांचं विष म्हणून वापरलं गेलंय. धातू तोच. पिवळ्या रंगातलं लेड क्रोमेट पाण्यात जवळपास विरघळत नाही, पण आम्लातले हायड्रोजन आयन क्रोमेट आयनांना पकडतात, समतोल ढळतो, तो सावरायला आणखी लेड क्रोमेट विरघळतं आणि शिसं मोकळं होतं. मुलाचं आतडं त्याला कॅल्शियम समजून आत घेतं, मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त. तिथून ते मेंदूत पोचतं.

युरोपात शिशाची मर्यादा २०१८ पासून किलोभर खरवडलेल्या रंगामागे २३ मिलिग्रॅम विरघळलेलं शिसं. आधी १६० होती. अमेरिका वेगळाच प्रश्न विचारते. २००७ मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीला रंगातल्या शिशामुळे लाखो खेळणी परत मागवावी लागली, पुढच्या वर्षी कायदा कडक झाला. तिथे रंगातलं एकूण शिसं मोजतात, मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम, आणि मान्यताप्राप्त त्रयस्थ प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. समजा, रंगात ८० मिलिग्रॅम शिसं आहे आणि त्यातलं ३० विरघळतं: अमेरिकेत पास, युरोपात नापास. १५० असून १५ च विरघळलं, तर नेमकं उलट.

"आमचे रंग नैसर्गिक आहेत," असं मित्र म्हणाला. हरताळ हे पिवळं खनिज नैसर्गिक आहे, त्यात आर्सेनिक. हिंगूळ हे लाल खनिज नैसर्गिक आहे, त्यात पारा. आणि पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. देवाचा म्हणून तो तान्ह्या बाळाच्या कपाळाला लावणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, लावू नका. बाळाचा हात कपाळावरून थेट तोंडात जातो.

मित्राने पाच रंगांची पाच भांडी प्रयोगशाळेत पाठवली आहेत. पिवळ्या पोळपाटाची चाचणी आधी करून घे, असं मी त्याला सांगितलंय.