शंभर वर्षांचा हिशेब आणि पाच मिलिमीटरचा भुंगेरा

मध्य युरोपात स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे रोप लावले की ते साधारण 80 ते 120 वर्षांनी तोडायचे, असा वनखात्यांचा जुना रिवाज. म्हणजे 1920 साली ज्याने रोप लावले, त्याने नकळत 2020 सालच्या हवामानावर पैज लावली होती. शेतकऱ्याचा अंदाज चुकला तर एक हंगाम जातो, पुढच्या वर्षी तो बियाणे बदलतो. वनाधिकाऱ्याचा अंदाज चुकल्याचे कळते तेव्हा तो बहुधा हयातही नसतो.

या पैजेमागे मोठी शिस्त होती. 1713 मध्ये जर्मनीतल्या सॅक्सनीत खाणींचा कारभार पाहणाऱ्या हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यांनी बजावले, की खाणी आणि भट्ट्यांसाठी लाकूड असेच तोडत राहिलो तर पुढे मिळणार नाही. जेवढे नव्याने वाढेल तेवढेच तोडा. पुढच्या दोन शतकांत या साध्या नियमाचे शास्त्र झाले. एका वयाची, एकाच जातीची झाडे रांगेत लावायची, आणि कोणत्या मातीत किती वर्षांनी किती घनमीटर लाकूड मिळेल याचे तक्ते छापायचे. स्प्रूस यात चपखल बसला. सरळसोट वाढतो, लवकर वाढतो, विकला जातो. मूळचा थंड डोंगरांवरचा आणि उत्तरेचा हा वृक्ष मग उबदार, कोरड्या सखल भागांतही उतरवला गेला. तक्त्यांत माती होती, वय होते, उंची होती. हवामानाचा रकाना नव्हता, कारण ते बदलेल असे कुणाला वाटलेच नव्हते.

2018 ते 2020 या सलग दुष्काळी वर्षांत हा रिकामा रकाना महागात पडला. स्प्रूसची मुळे उथळ असतात. वरची माती सुकली की झाड पानांवरची रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. मग साखर कमी आणि तिच्यापासून बनणारी राळही कमी. ही राळच झाडाचे मुख्य शस्त्र. साल पोखरणारा, चार-पाच मिलिमीटर लांबीचा एक भुंगेरा असतो. धट्ट्याकट्ट्या झाडाला त्याने भोक पाडले तर आतून येणाऱ्या राळेत तो बुडून मरतो. तहानलेल्या झाडात मात्र तो तग धरतो. आधी नर आत शिरतो आणि असा गंध सोडतो की आसपासचे नर-माद्या सगळे त्याच झाडावर तुटून पडतात. सालीखालच्या ज्या थरातून झाडाचे अन्न वाहते, तोच थर अळ्या खातात. झाड गच्च भरले की गंध बदलतो आणि नव्याने येणाऱ्यांना शेजारचे झाड दाखवले जाते. शेजारी कोण? तोच स्प्रूस, त्याच वयाचा, तितकाच तहानलेला. थंड वर्षी या किड्याच्या एक-दोन पिढ्या होतात. लांबलेल्या उन्हाळ्यात सखल भागात तीनही होतात. तिसरी पिढी म्हणजे तिप्पट नव्हे, गुणाकारावर गुणाकार.

उपग्रहांच्या चित्रांवरून हिशेब निघाला, की 2018 पासून सव्वातीन वर्षांत जर्मनीने सुमारे 5 लाख हेक्टरवरची झाडे गमावली. वाळलेल्या झाडांत आणि घाईघाईने केलेल्या तोडीत इतका कार्बन बाहेर पडला, की 2017 ते 2022 या काळात जर्मनीची जंगले कार्बन शोषण्याऐवजी सोडणारी ठरली.

वादळांची गोष्ट जवळजवळ हीच. जानेवारी 2005 मध्ये दक्षिण स्वीडनमध्ये ‘गुड्रुन’ वादळाने एका रात्रीत सुमारे 7.5 कोटी घनमीटर लाकूड आडवे केले, म्हणजे देशाची जवळपास वर्षभराची तोड. त्यातही बहुतेक स्प्रूसच. ऐन हिवाळ्यातही जमीन गोठलेली नव्हती; गोठलेली माती मुळांना धरून ठेवते, ओली माती सोडून देते. आणि आडव्या पडलेल्या ताज्या खोडांत राळ सोडण्याची ताकद नसल्याने भुंगेऱ्यांना पुढे आयती मेजवानी मिळाली.

गंमत अशी, की एरवी ही झाडे पूर्वीपेक्षा जोमाने वाढत होती. जर्मनीत 1870 च्या दशकापासून मोजमाप होत असलेल्या काही प्रायोगिक वनांत स्प्रूस आणि बीच हा पानझडी वृक्ष, दोन्हींची वाढ वेगवान झालेली दिसते. ऊन वाढले, वाढीचा हंगाम लांबला, हवेतून नायट्रोजनचे खत मिळाले. पण त्याच झाडांच्या लाकडाची घनता 1900 पासून 8 ते 12 टक्क्यांनी घटली आहे. फुगलेला आकडा पाहून खूश होणाऱ्यांनी दुसरा आकडाही वाचावा.

मग करायचे काय? सगळ्यात जुने हत्यार म्हणजे विरळणी. चार झाडांतले एक काढले की उरलेल्या तिघांना पाणी जास्त मिळते, शिवाय पानांवरच अडकून वाफ होणारा पाऊस जमिनीपर्यंत पोचतो. पण दाटीत वाढलेली झाडे उंच आणि काडीसारखी असतात, एकमेकांच्या आधाराने उभी असतात. उशिरा विरळणी केली तर पुढची काही वर्षे तीच वाऱ्याला बळी पडतात. म्हणून विरळणी लवकर आणि थोडी थोडी करायची. मिश्र लागवडीचेही तसेच. पानझडी झाडांच्या गंधाने भुंगेऱ्याचा माग चुकतो, हे खरे. पण कोणत्याही दोन जाती शेजारी लावल्या की पाण्याची भांडणे मिटतात, असे नाही. तोडीचे वय कमी केले तर वादळाचा धोका कमी होतो, कारण उंच झाडच वाऱ्याला सापडते. त्याचा तोटा कार्बनच्या साठ्यात दिसतो, आणि जुन्या खोडांच्या ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांनाही तो सोसावा लागतो.

कधी कधी राखण हाच रोग ठरतो. लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायचीच, असा नियम अमेरिकेच्या वनखात्याने 1935 साली केला. पश्चिमेकडच्या कोरड्या पाइनवनांत अधूनमधून जमिनीलगत सरपटत जाणारी आग पालापाचोळा साफ करायची. ती थांबली, कोवळी झाडे दाटली, आणि पुढच्या आगीला शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळाली. आता तिथे विरळणी करून, मग मुद्दाम हलकी आग लावून हे जळण कमी करतात. नुसती विरळणी करून फांद्या तिथेच टाकल्या तर उलट जळण वाढते.

माझ्या मते सगळ्यात अवघड प्रश्न रोपवाटिकेतच आहे. 80 वर्षांनंतरच्या उष्म्यात टिकेल असे दक्षिणेचे बियाणे आणावे, तर ते वसंतात लवकर फुटते आणि याच वर्षीच्या उशिराच्या हिमकडाक्यात करपते. म्हणजे रोपाला आधी आजच्या थंडीतून आणि मग उद्याच्या उन्हातून जगायचे आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने 2010 मध्ये वेस्टर्न लार्च हा वृक्ष त्याच्या नैसर्गिक हद्दीच्या बराच उत्तरेला लावायला परवानगी दिली. तिथल्याच पुढाकाराने युकॉनपासून कॅलिफोर्नियापर्यंत 48 ठिकाणी 15 जातींची, वेगवेगळ्या मुलखांतून आणलेल्या बियाण्यांची झाडे लावली आहेत. कोणते बियाणे कुठे टिकते, याची नोंद ठेवली जात आहे. ती झाडे अजून कोवळी आहेत, आणि रोपवाटिकांना मात्र बी या वर्षीच पेरायचे आहे.